उठलेले मांड

दक्षिण कोकणातली देवळे कौलारू होती. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, खांब लाकडी. खांबांवर, तुळयांवर वेलबुट्टी, हत्ती, द्वारपाल, रामायणातले प्रसंग कोरलेले असत. जीर्णोद्धार निघाला की हे खांब उतरवले जात. काही विकले गेले. काही देवळाच्या मागे पावसात पडून कुजले. आता सिमेंटचे खांब आहेत, त्यांना ग्रॅनाइटची फरशी लावलेली आहे. जमीन पूर्वी शेणाने सारवत, त्याची पाळी घराघरांत वाटलेली होती. लादी आली तशी पाळी संपली. मे महिन्याच्या दुपारी मंडपात पडायला येणारी माणसे येत नाहीत. स्लॅब तापतो.

जीर्णोद्धाराचा पैसा बहुतेक मुंबईहून येतो. देणगीदारांची नावे संगमरवरी पाटीवर आकड्यांसह कोरतात. जुने खांब कोरणाऱ्या सुतारांची नावे कुठेही लिहिलेली नव्हती.

सातेरी ही वारुळाची देवी. गाभाऱ्यात मूर्ती नसे, वारूळ असे. ते वाढत असे. त्यावर मुखवटा, वर साडी. वारूळ जिवंत राहावे म्हणून गाभाऱ्याची जमीन मातीचीच ठेवत. काही गावांत गाभाऱ्यालाही फरशी बसली आणि वारुळाच्या जागी पाषाणाची मूर्ती आली.

वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीचा वेतोबा पूर्वी फणसाच्या लाकडाचा होता. आता तो पंचधातूचा आहे. त्याला वाहायच्या चामड्याच्या मोठ्या चपला आणि केळ्यांचे घड अजून येतात. तो रात्री गावाच्या हद्दीतून फिरतो आणि चपला झिजतात, असे लोक मानत आले. हातात कंदील घेऊन त्याच वाटेने जाणारी माणसे आता नाहीत. वाटेवर विजेचे खांब आहेत.

देवळामागे देवाचे रान होते. सातवीण, किंजळ, बेहडा, काजरा, मांडीएवढ्या जाडीची गारंबीची वेल. आत चप्पल घालून जात नसत. वाळकी काटकीही उचलत नसत. पडलेले झाड जागीच कुजे. १९७० च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ हे अभ्यासक पश्चिम महाराष्ट्रातल्या देवराया, म्हणजे अशी राने, पाहत फिरले आणि त्यांच्या नोंदी केल्या. त्यानंतर काही राने जीर्णोद्धाराच्या खर्चासाठी विकली गेली. देवाचे झाड देवासाठी तोडायला कौल मिळाला, असे सांगतात. रान गेले त्या गावांत देवळामागचा झरा मार्चमध्ये आटतो. तिथे आता बोअरवेल आहे, पाण्याची टाकी आहे आणि गाड्या लावायला मोकळी जागा आहे.

पहाटे आणि तिन्हीसांजेला नौबत वाजे. सनई आणि ढोल वाजवणाऱ्यांची घरे ठरलेली असत, त्यांना देवाच्या जमिनीतला वाटा असे. आरतीला घंटा, झांजा, नगारा यांना निदान पाच-सहा माणसे लागत. आता एका चौकटीत घंटा, झांज आणि ढोलके बसवलेले यंत्र असते. पुजारी एका हातात निरांजन घेतो, दुसऱ्या हाताने बटण दाबतो. वीज गेली तर आरती घंटीवर होते.

गावाच्या वतीने देवांपुढे गाऱ्हाणे घालणे हे घाड्याचे काम. सातेरी, रवळनाथ, भूमिका, पावणाई, गांगो, पूर्वस, वेशीवरचा देवचार, बाराचा पूर्वस, मूळपुरुष. कोणाचे नाव आधी, कोणाचे नंतर, हे ठरलेले. एक नाव चुकले तर पुन्हा पहिल्यापासून. दर वाक्याला बारा-पाच मानकरी आणि जमलेले लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणत. हे सगळे तोंडपाठ असे, कुठे लिहिलेले नसे. बाप म्हणताना मुलगा शेजारी उभा राहून शिके. आता मुलगा वसई-विरारला असतो. गाऱ्हाणे मोबाइलमध्ये ध्वनिमुद्रित करून ठेवले आहे. ते लहान झाले आहे. गावाच्या वेशी, पाणवठे, आडवाटा आणि तिथले राखणदार त्यातून गळले.

कौल लावायला फुलांच्या कळ्या किंवा भिजवलेले तांदूळ देवाच्या अंगाला चिकटवतात. उजवा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. पेरणी, सोयरीक, नवी विहीर, हरवलेली गुरे, दोन भावांमधला बांध: सगळे प्रश्न तिथे येत. बांधाचे प्रश्न आता तालुक्याच्या कोर्टात जातात. पेरणीचे येत नाहीत, कारण पेरणी होत नाही. नोकरीचे आणि आजारपणाचे प्रश्न तेवढे येतात. काही वेळा विचारणारा गावात नसतो, फोनवर असतो.

मसुऱ्याजवळच्या आंगणेवाडीची जत्रा पंचांगावरून ठरत नाही, देवीचा कौल घेऊन ठरते. पूर्वी तारीख माणसामाणसांतून पोचायला दिवस लागत. आता ती तासाभरात मुंबईत पोचते आणि गाड्यांची आरक्षणे भरतात. आंगणे घराण्यातल्या बायका देवीचा प्रसाद एक शब्दही न बोलता रांधतात. ते अजून तसेच आहे.

आचऱ्याची गावपळणही आहे. रामेश्वराचा कौल झाला की अख्खे गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहायला जाते. माणसे, गुरे, कोंबड्या, कुत्री, सगळी. वेशीपलीकडच्या राहुट्या पूर्वी माडाच्या झापांच्या असत. आता ताडपत्रीच्या असतात. हाकत न्यायची गुरे कमी झाली आहेत.

कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी. रामायण-महाभारतातल्या एकेका कथेची चित्रे, त्यांची पोथी. एक चित्र उचलायचे, गायचे, खाली ठेवायचे, दुसरे उचलायचे. साथीला वीणा, टाळ आणि हुडूक. सावंतवाडीच्या भोसले संस्थानाचा आश्रय होता. नवरात्रात कोणी कोणत्या देवळात कथा लावायची हे ठरलेले होते. संस्थाने गेली. देवळांत नवरात्राला ऑर्केस्ट्रा आणि गरबा आला. चित्रांच्या पोथ्या माळ्यावर गेल्या. काही वाळवीने खाल्ल्या, काही पाहायला आलेल्यांनी विकत नेल्या. त्या कोणत्या घरातून कोणत्या शहरात गेल्या याची यादी नाही. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांनी गोठ्यात संग्रहालय उभे केले. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आता तिथे चित्रे पाहता येतात, कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्याही पाहता येतात. पर्यटक आले की कथा अर्ध्या तासात होते. पूर्वी ती रात्रभर चाले आणि पुढच्या रात्रीवर जाई.

जत्रेचा दशावतार रात्री पालखीची प्रदक्षिणा झाल्यावर उभा राही आणि सूर्योदयाला दहीकाल्याने संपे. मोचेमाडकर, पार्सेकर, वालावलकर, चेंदवणकर, आरोलकर, खानोलकर. कोणत्या देवळाच्या जत्रेला कोणती मंडळी, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले. त्रिपुरी पौर्णिमेनंतर मंडळी घराबाहेर पडत. एका जत्रेहून दुसऱ्या जत्रेला चालत जात. पेटारा डोक्यावर. पेटाऱ्यात गणपतीचा मुखवटा असे, म्हणून पेटाऱ्याची पूजा होई आणि तो कुठेही टेकवत नसत. आता टेम्पो आहे.

नाटकाची संहिता नव्हती. दुपारी आख्यान ठरे, रात्री संवाद तोंडात येत. देवळाच्या पडवीत, समईच्या उजेडात, हातातल्या आरशाच्या तुकड्यात पाहून नट आपला चेहरा आपणच रंगवी. स्त्रीपार्टी नट लुगडे नेसून बाहेर आला की बायका त्याच्या निऱ्या पाहत. आधी आडदशावतार होई: गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, भटजी, मग काळा संकासुर. संकासुर मालवणीत बोले आणि गावातल्या मोठ्या माणसांनाही सोडत नसे. त्याचे वाईट वाटून घेण्याची रीत नव्हती. वेद चोरणाऱ्या संकासुराला विष्णू मारी, त्यानंतर आख्यान लागे. आडदशावतार आता बऱ्याच ठिकाणी गणपतीच्या पूजेपुरता उरला आहे.

प्रकाश आधी मशालींचा होता, नंतर गॅसबत्तीचा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आली, परवानगी असेल तर बारापर्यंत. ध्वनिक्षेपकाशिवाय आवाज पोचवणारी पिढी तोवर थकली होती. हल्लीचे प्रयोग संध्याकाळी सुरू होऊन मध्यरात्रीपूर्वी संपतात. जाहिरातीत ‘ट्रिकसीनयुक्त’ असे लिहिलेले असते. धूर सोडणारे यंत्र असते. लहान मुले मांडीवर झोपून राहतील एवढी रात्र होतच नाही.

या यादीतल्या काही गोष्टी गेल्या, त्यांची हळहळ नको. देवळाच्या सेवेला वाहिलेल्या भाविणी होत्या. समया लावणे, देवाला वारा घालणे, पालखीपुढे चालणे हे त्यांचे काम, आणि त्यापलीकडे गावातल्या बड्यांची मर्जी. मुंबई प्रांतात १९३४ साली त्याविरुद्ध कायदा झाला. त्यांच्या लेकींनी शाळेत नाव घातले. देवळाच्या पायरीखालून, उन्हात उभे राहून नमस्कार करणारी माणसे होती. रत्नागिरीत १९३१ साली भागोजीशेठ कीर यांनी पतितपावन मंदिर बांधले, ते सर्वांना खुले होते. मंदिरप्रवेशाचा कायदा १९४७ चा. पायरीखालची जागा गेली. काही गावांत ती जाण्यास कायद्यानंतरही बराच काळ लागला. पाळीच्या दिवसांत बायकांना ज्या खोपीत बसवत ती खोप आता घरामागे नाही. देवघरात न जाण्याचा रिवाज मात्र पुष्कळ घरांत आहे.

गणपतीच्या शाळेत पाट द्यायचा असे. नागपंचमीच्या सुमारास घरातला माणूस पाट घेऊन शाळेत जाई. पाटावर खडूने नाव लिहीत. मूर्ती त्याच पाटावर घडे. मूर्तीची माती गावच्या मळ्यातली, चिकण. पावसात ती वाळत नसे, म्हणून शाळेत शेगड्या पेटवून ठेवत. मुले संध्याकाळी माती मळायला बसत. आता बऱ्याच मूर्ती पेणहून येतात, तयार. पाट घरी राहतो.

गणपतीच्या मागची भिंत रंगवत. चुन्यावर गेरू, पिवडी, नीळ आणि काजळी. गजेंद्रमोक्ष, सीतास्वयंवर, कालियामर्दन. गावातला एखादा माणूस श्रावणात घरोघर जाऊन ही चित्रे काढी. पैशांऐवजी तांदूळ आणि नारळ घेई. पुढच्या वर्षी त्यावर चुना फिरे आणि नवे चित्र येई, त्यामुळे जुने एकही उरलेले नाही. नंतर थर्माकोलचे मखर आले. २०१८ साली राज्यात त्यावर बंदी आली. आता छापील पडदा लावतात. भिंतीला ऑइलपेंट आहे, त्यावर चुना बसत नाही.

मूर्तीच्या वर माटवी असते. बांबूच्या किंवा लाकडाच्या चौकटीला रानातले जे जे पावसाळ्यात फळते-फुलते ते बांधायचे. आंब्याचा टाळ, नारळाची पेंड, सुपारीचे शिपटे, तवशी, कवंडाळ, हरणे, शेरवडे, कांगले, वाघनखी, तेरडा, नागकुड्याची जोडफळे. हरणे सड्यावर मिळत, वाघनखी कुंपणाच्या जाळीत, कांगले चढणीवरच्या रानात. आदल्या दिवशी पोरे कोयती घेऊन जात आणि भिजून येत. कवंडाळ खायचे नाही, तेरडा दिवस गेल्यावर कोमेजतो, वाघनखीचा कंद विषारी असतो, हे सगळे त्या एका दिवसात कळे. कोणते झाड कुठे आहे हे पाठ असावे लागे, कारण मूर्ती बसायच्या आत ते आणायचे असे. रानाच्या जागी काजूची आणि रबराची लागवड झाली. आता आदल्या दिवशी कुडाळ, सावंतवाडी, मालवणच्या बाजारात रस्त्याकडेला माटवीचे सामान विकायला येते. जुडीत पाच-सहा जिन्नस असतात. जुडी घेणाऱ्याला त्यांतल्या दोन-तीनांची नावे सांगता येतात. तवशी, सुपारी, डाळिंब यांची प्लास्टिकची प्रतिरूपे मिळतात. ती दर वर्षी त्याच पिशवीतून निघतात.

गौरीच्या दिवशी नव्या सुनेचा ओवसा. सुपात पाने, पाच तऱ्हेची फळे, भाज्या, नारळ. सूप नवे, बांबूचे, बुरडाने घरी आणून दिलेले. त्याचे मोल धान्यात. सुपे आता बाजारातून येतात, काही ठिकाणी प्लास्टिकची. रात्रीच्या फुगड्या अंगणात असत, त्यांतली गाणी सासरचे नाव न घेता सासरचे बोलत. फुगड्यांच्या आता स्पर्धा होतात, मंचावर, एकाच रंगाच्या साड्यांत, परीक्षकांसमोर.

अकरा दिवसांचे गणपती सात दिवसांवर आले, सातांचे पाच, पाचांचे दीड. रजा तेवढीच मिळते. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण मार्गावर धावू लागली. त्याआधी एस.टी.च्या टपावर मृदंग आणि पेटी बांधून येणारे चाकरमानी आता रात्रीच्या गाडीने येतात आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी जातात. वाडीतल्या प्रत्येक घरी भजन पाळीपाळीने होई, पहाटेपर्यंत. प्रत्येक घरात उसळ आणि चहा. आता दीड दिवसात सगळी घरे होत नाहीत. ज्या घरात भजन होत नाही तिथे आरतीची ध्वनिफीत लावतात.

नागपंचमीला मातीचा नाग, हळदीच्या पानातल्या पातोळ्या. त्या दिवशी जमीन खणायची नाही, विळीवर काही चिरायचे नाही. परसातली हळद गेली, कारण परसात माकडे येतात. हळदीची पाने जुडीने विकत मिळतात.

नव्या भाताची लोंबी आश्विनात घरात येई. लोंब्या, आंब्याची पाने, झेंडू यांचे नवे करून दाराला, देव्हाऱ्याला, कोठीला, नांगराला बांधत. स्वतःच्या कुणग्यातली लोंबी लागे. मळे पडीक आहेत. नवे शेजाऱ्याकडून मागून आणतात, शेजारीही करत नसेल तर बाजारातून. नांगर माळ्यावर आहे, त्याला बांधत नाहीत.

दिवाळीच्या पहिल्या दिवशी, चावदिवसाला, नव्या भाताचे पोहे. ते घरातल्या वायनात मुसळाने कांडलेले, लालसर, जाड. दुधातले, ताकातले, गुळातले, फोडणीचे, सोबत काळ्या वाटाण्याची उसळ. पहाटे तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचे आणि गोविंदा म्हणायचे. कारिटे कुंपणावर असत. आता ती विकत मिळतात. पोहे गिरणीचे, पांढरे. वायन अंगणात आहे, त्यात पावसाचे पाणी साठते.

घरातला देव्हारा फणसाच्या लाकडाचा होता. सहाणेवर चंदनाचे खोड उगाळून गंध करत. सहाणेचा मध्य पिढ्यांच्या उगाळण्याने खोलगट झालेला असे. आता अष्टगंधाची डबी असते. वाती दुपारी मांडीवर वळत; त्यांची पाकिटे मिळतात. समईत खोबरेल असे, घाण्यावरचे. घाणे बंद पडले. ताम्हन, पळी-पंचपात्री चिंचेने घासत. मोठ्या भांड्यांना कल्हई लावणारा उन्हाळ्यात वाडीत येऊन भाता मांडी. तो येत नाही.

फुले परसातली. जास्वंद, अनंत, तगर, अबोली, बकुळीची ओवळे. फाल्गुनाच्या सुमारास सुरंगी. तिच्या कळ्या पहाटे झाडावर चढून, उमलायच्या आत काढाव्या लागत. वेंगुर्ले तालुक्यात आसोलीकडे अजून काढतात. वळेसर देवीला आधी, मग घरातल्या बाईच्या केसात. सुरंगीची सुकी कळी आता किलोने विकली जाते, अत्तरासाठी.

आगराच्या कोपऱ्यात राखणदाराचा दगड असे. वर्षातून एकदा राखण द्यायची: नारळ, कोंबडा, पानाचा विडा. आगर विकले गेले की दगड खरेदीखतात येत नाही. जेसीबी येतो. काही नवे मालक भीतीने दगड ठेवतात, त्याला शेंदूर लावतात आणि वर पत्र्याचे छप्पर करतात. राखण कोणत्या तिथीला द्यायची हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

रत्नागिरीकडे शिमग्यात पालखी घरोघर येते. पालखीला खांदा देणे, ती नाचवणे, खेळे, नमन, संकासुर. अंगणात चौकोन सारवून रांगोळी काढत, घरातली वडीलधारी बाई ओटी भरी. वाडीत बंद घरे वाढली. पालखी बंद घराच्या अंगणातही थांबते. ओटी शेजारची बाई भरते, तिच्याकडे किल्ली असते. काही ठिकाणी एकच बाई सहा-सात घरांच्या ओट्या भरते. नाचवायला माणसे कमी पडतात, म्हणून पालखीचा दिवस चाकरमान्यांच्या सुटीला धरून ठरवतात. देव ठरलेल्या तिथीऐवजी रविवारी येतो.

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. सिंधुदुर्गाची लोकसंख्या २००१ साली ८,६८,८२५ होती, ती २०११ मध्ये ८,४९,६५१ झाली. रत्नागिरीची १६,९६,७७७ होती, ती १६,१५,०६९ झाली. त्या दहा वर्षांत महाराष्ट्रातल्या तीनच जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. हे दोन, आणि तिसरा मुंबई शहर.